गुरांसाठी उठवलेलं गाव

कुरणाच्या फाटकाला साखळी होती, साखळीला कुलूप होतं, आणि कुलपाच्या पलीकडे, नेमका खोदलेल्या घराच्या तोंडाशी, वळू उभा होता.

उकरणीने आधी कुलूप हलवून पाहिलं, मग वळूकडे पाहिलं. तिच्यामागे चुनेवाला खांद्यावरची पिशवी सावरत थांबला. पडक्या भिंती चुन्याने सांधून टिकवणं हे त्याचं काम, म्हणून तो चुनेवाला. जमिनीखाली गेलेली गावं खणून काढणं हे तिचं, म्हणून ती उकरणी. हे नाव तिला थोरल्या दिराने ठेवलं होतं, लग्नाच्या वर्षीच. तेव्हा त्यात चेष्टा होती, थोडी मायाही होती. आता तो ते नाव दातात अडकलेली काडी थुंकावी तसं तोंडातून काढायचा.

"हे जनावर काल नव्हतं," चुनेवाला हळूच म्हणाला.

"कुलूपही नव्हतं."

गोठ्याच्या दारातून थोरला बाहेर आला. हात फडक्याला पुसत, अजिबात घाई न करता.

"दादा, फाटक उघडा. काम खोळंबलंय."

"कुणाचं?"

"तुम्हाला माहीत आहे कुणाचं."

"कुरण माझं, वळू माझा," तो म्हणाला. "नांगरायचं नाही म्हणालात, नांगर ठेवून दिला. बांधायचं नाही म्हणालात, एक वीट ठेवली नाही. चारायचं नाही असं कुठे लिहिलंय का? बघ तुझ्याच कागदात."

तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. उलट कुरणाच्या संरक्षणासाठी निघालेल्या सरकारी आदेशात ‘चराई चालू ठेवावी’ असं एक वाक्य होतं आणि ते तिनेच सुचवलं होतं, कारण जुन्या घरांच्या पायांवर गवताइतकं चांगलं पांघरूण नाही. आता ते वाक्य चार पायांवर उभं राहून तिच्याकडे टक लावून बघत होतं.

"वळू बांधता तरी येईल."

"येईल की. पण त्याला मोकळं आवडतं." आणि तो गोठ्यात निघून गेला.

या दोघांचं आधीपासून असं नव्हतं. ती विद्यार्थिनी असताना पहिल्यांदा या उतारावर मोजमाप घ्यायला आली, तेव्हा कुरणातले उंचवटे म्हणजे रानडुकरांनी उकरल्याचं काम असं घरातले समजत होते. ते घरांचे पाये आहेत, मधला खोलगट पट्टा म्हणजे गावातला रस्ता आहे, आणि इथे मध्ययुगात अख्खं गाव नांदत होतं, हे तिने सांगितलं तेव्हा सासरे (अजून सासरे झाले नव्हते) पोट धरून हसले होते. घरातला धाकटा मात्र हसला नाही. तो तिच्यामागून फिरला, तिची दोरी धरली, मग तिचा हात धरला. लग्नानंतर त्याने गोठा सोडला तो सोडलाच. हातात थापी घेऊन तो तिच्याबरोबर खड्ड्यात उतरला, आणि गोठा, गुरं, दूध, खत हे सगळं थोरल्याच्या एकट्याच्या अंगावर पडलं.

 थोरल्याच्या मनात तेव्हाच गाठ बसली. पुढे सासरे गेले, जमीन थोरल्याकडे आली. मग धाकटाही आजारपणात गेला. तरी दर उन्हाळ्यात तिची माणसं यायची, जाऊबाईंच्या हातचं जेवायची, ओट्यावर चिखलाचे बूट वाळवायची. थोरला फाटक उघडून द्यायचा. बोलायचा कमी, पण उघडून द्यायचा.

सगळं फाटलं ते संरक्षणाच्या आदेशाने. थोरल्याच्या मनात कुरणाचा वरचा तुकडा सपाट करून तिथे नवा गोठा बांधायचा होता. तिला कुणकुण लागली. तिने त्याला न सांगता, न विचारता अर्ज केला. एक दिवस सरकारी माणूस आला आणि फाटकाला पाटी ठोकून गेला. आपल्याच कुरणात आपल्याला काय काय करता येणार नाही, हे थोरल्याला आपल्याच फाटकावरची पाटी वाचून कळलं.

"खाल्ल्या मिठाला जागायचं असतं," एवढंच तो म्हणाला.

तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण विचारलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घातला असता, अशी तिची खात्री होती. आणि ही खात्री तिने आयुष्यात कधी तपासून पाहिली नाही.

त्यात सभेने आगीत तेल ओतलं. खालच्या गावात पिढ्यान् पिढ्या एकच गोष्ट सांगितली जायची, की वरचं गाव रोगाच्या साथीने ओस पडलं. तिने सभागृहात चित्रं दाखवून ती गोष्ट मोडून काढली. एका लांबट घराचं खोदकाम पूर्ण झालं होतं. एकाच छपराखाली एका टोकाला माणसं राहायची, दुसऱ्या टोकाला गुरं, मधून शेणमुताची पन्हळ. चुलीवर मडकं तसंच होतं. छप्पर जळून आत कोसळलेलं होतं आणि त्यावर भिंती मुद्दाम ढकलून पाडल्या होत्या. बाकीच्या घरांचंही तेच. त्यानंतर तिथे कुणी राहिलं नाही; मातीत सापडत होती ती फक्त चरणाऱ्या गुरांची चिन्हं.

"आजाराने मेलेली माणसं आपली घरं पाडून जात नाहीत," ती म्हणाली. "जमिनीच्या मालकाला कुरण हवं होतं. त्याने गुरांसाठी माणसं उठवली. कुरण आजही आहे."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. थोरला पहिल्या रांगेत बसला होता, धुतलेला सदरा घालून. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या दिवसापासून दूध घ्यायला येणारे विचारायला लागले, "काय मालक, आज कुणाला उठवताय?"

त्यानंतर कुलूप आलं, आणि वळू.

उकरणी सरकारी कचेरीत गेली. साहेबाने आदेश दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "बाई, चराईला तुम्हीच मोकळीक दिलीये. यात वळू वगळून असं काही म्हटलेलं नाही."

मग ती रोज खालच्या सार्वजनिक रस्त्यावर उभी राहून दुर्बिणीतून आपलं घर बघायला लागली. आपलं म्हणजे ते जळकं, लांबट घर. वळूला खाज सुटली की तो त्याच्या भिंतीला अंग घासायचा. एका सकाळी त्या घराचा गुरांच्या टोकाचा कोपरा ढासळला. तिने दुर्बीण खाली घेतली आणि थोरल्याला अशी शिवी दिली की चुनेवाल्याने आजूबाजूला कुणी आहे का ते पाहिलं.

"पाऊस भरतोय खड्ड्यात," तो म्हणाला. "थंडी पडली की ते पाणी गोठेल. दगडाच्या सांध्यात बर्फ झाला की वसंतात इथे नुसता ढीग उरेल. पुरून टाक."

"मी त्यावर छप्पर घालणार आहे. लोक येऊन बघतील."

"छपराला पाया लागतो. पाया खणायला तो देईल? कापड अंथर, चाळलेली माती घाल, वर गवत. इतकी शतकं ते मातीतच टिकलं ना?"

तिला हे पटत नव्हतं असं नाही. पण छपराखाली एक पाटी लावायची होती, आणि पाटीवर धाकट्याचं नाव. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पुरलेल्या घराला कसली पाटी?

शेवटी तिने मनावर दगड ठेवला आणि माघार घेतली. जाऊबाईंकडे गेली. त्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या; मळता मळताच बोलल्या.

"मला मधे घेऊ नकोस. तुझ्या माणसांची उष्टी काढली मी इतके उन्हाळे, आणि सभेत तू माझ्याच घराची अब्रू काढलीस. आणि त्यांना म्हणते, वळू काढा, तर ते माझ्यावर धावून येतात. दोघांचं पटत नाही आणि भाजते मी."

"ताई, मला फक्त ते झाकायचंय."

"मग त्यांना सांग. मी काय फाटकाची किल्ली आहे?"

थोरला दाराशीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"झाकायचंय?" तो म्हणाला. "उघडतो. पण आधी त्याच सभागृहात उभी राहा. त्याच लोकांसमोर. सांग, की मी बोलले ते खोटं होतं, गाव साथीनेच गेलं."

"ते खोटं नव्हतं."

"मग सडू दे."

"दादा, तो मालक तुमचा कुणी नव्हता. तुमच्या आजोबांनी ही जमीन विकत घेतली. त्याचं पाप तुम्ही का अंगाला लावून घेता?"

"लावून तू घेतलंस. ‘कुरण आजही आहे’. माझ्याकडे बघून म्हणालीस."

 माफी मागता आली असती, त्या एका वाक्याची. ती जिभेच्या टोकापर्यंत आलीही. पण थोरल्याच्या चेहऱ्यावर ती येण्याची वाट बघणारं जे काही होतं, ते पाहून तिने ती गिळली आणि घराबाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती एकटीच कुंपणावरून आत शिरली. काखेत जाड कापडाची गुंडाळी. वळू दूर, उताराच्या टोकाला झाडाखाली बसला होता. तिने खड्ड्यात उतरून चुलीवर कापड अंथरलं, कडांना दगड ठेवले. मग उंबऱ्यावर. चिखलात गुडघे रुतत होते. पन्हळीशी आली तेव्हा वर काहीतरी फुरफुरलं.

वळू काठावर उभा होता. त्याच्या पुढच्या पायाखालची माती सुटून तिच्या पाठीवर पडली. ती भिंतीला चिकटली. ओरडून उपयोग नव्हता. वळूने मान खाली घातली, एक पाय खड्ड्यात टाकून पाहिला, आणि भिंतीचे दोन दगड घरंगळत तिच्या पोटरीवर आले.

तेवढ्यात बादली वाजली. पेंडीची बादली काठीने बडवत थोरला उतारावरून येत होता. पळत नव्हता, पळालं तर जनावर बिथरतं. "ये, ये, ये राजा," अशा आवाजात तो बोलत होता की ती त्याही अवस्थेत चकित झाली. या माणसाकडे असा आवाज आहे? वळूने मान वर केली, बादलीत तोंड घातलं. थोरल्याने वेसण धरली, त्याला वळवून नेलं आणि झाडाला पक्का बांधला.

मग परत येऊन तो काठावर उभा राहिला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

"मरायचं असेल तर दुसऱ्याच्या शेतात जा."

"हात द्या."

"आधी एक ऐक. या खड्ड्याने माझा भाऊ नेला. गोठ्यात माझ्या शेजारी उभा असायचा, तो इथे मातीत लोळायला लागला. आता तूही इथेच पडलीस तर लोक म्हणतील, थोरल्याने मारली. ते मला नकोय. कळलं? तुझ्यासाठी नाही आलो मी."

"मी तसं समजलेही नाही. हात द्या."

त्याने हात दिला. वर ओढताना इतका जोरात ओढला की तिचा खांदा पुढे बरेच दिवस दुखत होता.

"झाकायचंय ना?" तो म्हणाला. "मी झाकतो. माझ्या ट्रॅक्टरने. पण पुन्हा उघडायचं नाही."

"नाही उघडणार. पण अहवालात मी लिहिणार, गुरांसाठी माणसं उठवली म्हणून."

"लिही. वाचतो कोण!"

"आणि चाळलेली माती आधी. दगडगोटे नंतर."

"मला माती ढकलायला शिकवू नकोस."

शिकवलं तिने. ट्रॅक्टर आला, चुनेवाल्याला बोलावणं गेलं, त्याने उरलेलं कापड अंथरलं, आणि ती काठावर लंगडत, हातवारे करत ओरडत राहिली, "हळू! डावीकडे! भिंतीवर चाक नको!" थोरला वरून ओरडत राहिला, "दिसतंय मला, आंधळा नाहीये मी!" धाकटा गेल्यापासून दोघं मिळून जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या एका दुपारी बोलले, आणि त्यात गोड शब्द औषधालाही नव्हता. चूल गेली, उंबरा गेला, पन्हळ गेली. शेवटचा मातीचा ढिगारा सारखा करून थोरल्याने ट्रॅक्टर थेट घराकडे वळवला. मागे वळून पाहिलं नाही. फाटकाला पुन्हा कुलूप लागलं.

हिवाळा कडक गेला. तिने अहवाल लिहिला, एक शब्द मऊ न करता. ‘कुरण आजही आहे’ हे वाक्य मात्र त्यात नव्हतं. ते पुरावा नव्हता, टोमणा होता. धाकट्याचं नाव पहिल्या पानावर घातलं. पाटीवर नाही, तर कागदावर.

वसंतात कचेरीतल्या साहेबाचा फोन आला. खात्याला जतन केलेल्या जागांच्या मालकांचा सत्कार करायचा होता आणि एका जागेबद्दल तज्ज्ञ म्हणून तिचं मत हवं होतं. जागा कुठली ते ऐकून ती खो खो हसली, मग तिला संताप आला, मग ती खालच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. वळू दुसऱ्या कुरणात होता. पुरलेल्या जागी गवत दाट आलं होतं, कुठे खचलं नव्हतं, पाणी साचलं नव्हतं. मालकाबद्दल दुसरं काही लिहावं असं तिच्या मनात फार आलं. खोटं लिहिता येईना. ‘जागेची निगा उत्तम राखली आहे’, असं तिने लिहून दिलं.

काही दिवसांनी जाऊबाईंचा फोन आला.

"सन्मानपत्र आलं. त्यांनी गोठ्यात टांगलंय, वळूच्या डोक्यावर. कुणी दूध घ्यायला आलं की त्याला आधी ते वाचायला लावतात."

"मत कुणी दिलं ते ठाऊक आहे त्यांना?"

"ठाऊक आहे. ‘उकरणीला एकदा तरी खरं दिसलं’ म्हणाले." मग जाऊबाई म्हणाल्या, "रविवारी जेवायला येतेस का?"

"त्यांनी विचारलंय?"

"नाही. मी विचारतेय."

"मग नको, ताई," ती म्हणाली. "ते गोठ्यात जेवायला बसतील, आणि तुम्हाला दोन ठिकाणी वाढावं लागेल."

"ते तर आहेच," असं म्हणून जाऊबाईंनी फोन ठेवला.