तिसऱ्या हाकेआधी

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला कोर्टात बसून दहा खटल्यांची डायरी लिहावी लागते. बाकीची मंडळी एकमेकांच्या वह्या उतरवून मोकळी होतात. मला ती सोय नाही, कारण माझे बाबा त्याच कोर्टात शिपाई आहेत. पक्षकारांची नावं पुकारायचं काम त्यांचं.

आणि काय ते पुकारणं! दोन हाका देतील आणि तिसरीच्या आधी निवांत चष्मा काढून पुसत बसतील. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. डायरीत मी लिहिलंही होतं, 'शिपायाचा वेळकाढूपणा.'

त्या दिवशी कोर्टाच्या दारात एका मावशींनी मला अडवलं. जिथे शिवणकाम करायच्या त्या कारखान्यातलं कापड चोरल्याचा त्यांच्यावर आरोप होता, जामिनावर सुटल्या होत्या. "वकीलबाई, माझी तारीख कुठल्या खोलीत आहे?"

वकीलबाई! मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढले. त्यांचं नाव विचारून भिंतीवरची यादी ऐटीत वाचली. "दुसरा मजला, शेवटची खोली."

आत येऊन बसते न बसते तोच बाबांनी त्यांचंच नाव पुकारलं. बाहेर जाऊन पाहिलं, तर मी वाचलेली यादी गेल्या महिन्याची होती. आजची शेजारीच लावलेली. तिसऱ्या हाकेलाही कुणी आलं नाही तर जामीन रद्द आणि वॉरंट, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं.

मी दारात परतले तोवर दुसरी हाक गेली. न्यायाधीशबाईंनी पेन उचललं. बाबांनी चष्मा काढला.

"जरा नाव नीट दिसत नाहीये, मॅडम."

नाव त्यांना तोंडपाठ होतं. मी जिन्याकडे धूम ठोकली.

मावशी वर बाकावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन शांत बसल्या होत्या. हाताला धरून त्यांना खाली आणलं. शेवटच्या पायऱ्यांवर असतानाच तिसरी हाक ऐकू आली.

"आले हो, आले!" मावशी जिन्यातूनच ओरडल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी बाबांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "जिन्यात चपलांचा आवाज आला, तेव्हाच हाक दिली मी," एवढंच म्हणाले आणि डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली. मला रडूच फुटलं.

डायरीतली जुनी ओळ खोडून मी लिहिलं, 'तिसऱ्या हाकेआधी शिपायाने चष्मा पुसला.' सरांनी लाल शाईने विचारलं, 'याचा खटल्याशी काय संबंध?'

मी खाली लिहिलं, 'त्या मावशी त्या दिवशी घरी गेल्या, सर.'