राखून ठेवलेलं मत

आमचे हे बावीस वर्षं नगराध्यक्ष होते, आणि ती बावीस वर्षं घरातही अध्यक्षच होते. जेवायला बसलं की "कोणाचं काही म्हणणं?" असं विचारून मगच वाढून घ्यायचे. मुलगी वैतागायची, "बाबा, भाजी आहे ही, ठराव नाही!" पण माणूस कामाचा. कुठे नळाला पाणी आलं नाही की हे बनियनवरच पाना घेऊन निघायचे.

गेल्या वर्षी आमदार झाले. म्हटलं, सुटले एकदाची. कसलं काय! राजधानीतून रोज फोन, "बाजारातलं गटार उपसलं का?" नवी नगराध्यक्ष बिचारी रडकुंडीला आली.

हेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण गावातलं प्रसूतिगृह बंद करायचं सरकारने ठरवलं. मी तिथे एकोणतीस वर्षं परिचारिका आहे. पुढचं रुग्णालय दोन तासांवर, आणि कळा काही दोन तास थांबत नाहीत. ते वाचवायचं विधेयक ह्यांनीच मांडलं. आठ महिने आमदारांचे उंबरठे झिजवले, विरोधातले चार जण वळवले. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

मतदानाच्या दिवशी रजा टाकून मी विधानसभेत, प्रेक्षकांच्या वरच्या सज्जात जाऊन बसले. भाषण झकास झालं. घंटा वाजली. प्रत्येकाने आपल्या बाकावरचं बटण दाबायचं, मुदत एक मिनिट. सगळे दाबत होते. आमचे हे हाताची घडी घालून, मान ताठ करून, चष्म्यावरून सभागृह न्याहाळत बसलेले.

मला आधी कळेचना. मग एकदम उमगलं. आमच्या नगरपालिकेत अध्यक्ष आधी मत देत नाही. सगळ्यांची मोजून होईपर्यंत गप्प बसतो, समसमान झाली तरच आपलं टाकतो. बावीस वर्षं हे असेच तर बसत आले होते!

"अहो, बटण दाबा!" मी वरून ओरडले.

शिपायाने मला दटावलं. ह्यांनी वर पाहिलं आणि हातानेच 'शांत राहा' अशी खूण केली. मला!

फलकावर आकडे आले. चाळीस विरुद्ध चाळीस. हे उठले, कोट नीट केला आणि म्हणाले, "मतं समसमान झाल्यामुळे माझं मत विधेयकाच्या बाजूने."

सभागृहात हशा पिकला. विधानसभेच्या अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. "सदस्यांनी खाली बसावं. मतदान संपलं आहे. आता मत माझं." आणि ते त्यांनी विरोधात टाकलं.

बाहेर हे भिंतीला टेकून उभे होते. "अगं, मला वाटलं..."

"एक शब्द बोलू नका," मी म्हणाले. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. तेवढ्यात माझा फोन वाजला. आमची धाकटी परिचारिका होती.

"ताई, वाचलं ना? आम्ही सगळ्या फोनजवळच उभ्या आहोत."

मी फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी नेहमीसारखा घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

"गेलं, पोरी," हे म्हणाले. "एका मताने. एक जण मत द्यायचं विसरला."

"कोण तो मेला?" तिचा आवाज मला लांबूनही ऐकू आला.

ह्यांनी डोळे मिटले.

"मी."