आडवी कुंडी

आमच्या काचघराच्या प्रमुखांना त्यांच्या मागे सगळे 'कोश' म्हणतात. कुठलंही पान समोर धरलं की त्यांच्या तोंडून नाव येतं, आणि एकदा आलेलं नाव परत जात नाही. सहा महिन्यांत त्यांना भिंगाला हात लावताना मी पाहिलं नव्हतं. भिंग माझ्याकडे असायचं. मी कंत्राटी होते.

एक दिवस टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई मांडीवर कुंडी घेऊन आल्या. नवरा गेला होता आणि त्या लेकीकडे राहायला निघाल्या होत्या.

"हे झाड ह्यांनी अकरा वर्षं सांभाळलं. नाव त्यांनाही कधी कळलं नाही. तेवढं शोधा आणि जगवा. थंडीत पानं पिवळी पडली की हे कुंडी आडवी करून ठेवायचे. पाणी बंद. उन्हाळा सरला की पुन्हा उभी."

"आडवी?" कोश हसले. "अंगाईपण म्हणायचे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "नुसती आडवी."

बाई दाराबाहेर पडायच्या आत कोशांनी खुर्चीतूनच निकाल दिला. "पेव." चौथ्या दिवशी तसं कोरलेली स्टीलची पाटीही आली.

"सर, पेवाची पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढतात," मी म्हटलं. "ही समोरासमोर दोन रांगांत आहेत. आणि चोळली की आल्यासारखा वास येतो. पेवाला तो नसतो."

"तुझ्या वयात मलाही सगळ्याचा वास यायचा."

पुढे फुलं आली. पिवळी, नखाहून लहान, खाली झुकलेल्या तुऱ्यावर. प्रत्येक फुलातून एक केसर धनुष्यासारखा वाकून बाहेर आलेला आणि त्याच्या टोकाला चार अणकुचीदार पंख. मी तीस फुलं तपासली, प्रत्येकात चारच पंख. म्हणजे ग्लोबा. आल्याच्याच कुळातली, फारशी कुणी न लावलेली. जातही ठरली. तुऱ्याच्या बुडाशी मुगापेक्षा जरा मोठे कंद धरले होते, ते गळायला लागल्यावर मी पाकिटात भरून खणात ठेवले. दोन पानी टिपण लिहून कोशांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी त्यावर कप ठेवला.

"पाटी कोरून झालीय," ते म्हणाले. जणू फुलण्याआधी झाडाने चौकशी करायला हवी होती.

थंडी आली, पानं पिवळी पडली. मी कुंडी आडवी केली. फेरीवर आलेल्या कोशांनी ती स्वतःच्या हाताने उभी केली. इतक्या दिवसांत त्यांनी उचललेली ती एकमेव कुंडी. "पेव पाण्याचं भुकेलं असतं. रोज पाणी, आठवड्याला खत."

माळीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, माझ्या निवृत्तीला तीन महिने राहिलेत. सांगतील तेवढं घालतो."

मी आणखी एक टिपण लिहिलं. मग आणखी एक. रोज पाणी पडत होतं आणि मी परिच्छेद सुधारत होते. कुंडी उचलून घरी न्यायला दोन मिनिटं लागली असती. त्या दिवसांतल्या माझ्याविषयी मला जे वाटतं, ते कोशांविषयी वाटतं त्याहून फार वेगळं नाही. तिसऱ्या आठवड्यात मातीत बोट घातलं, तर कंद उकडलेल्या बटाट्यासारखा फुटला. वास आल्याचा नव्हता.

उन्हाळा सरल्यावर बाई आल्या. कुंडीत काळी माती आणि चकचकीत पाटी.

"जुना कंद होता," कोश म्हणाले. "वय झालं होतं."

बाईंनी पाटी वाचली. "थंडीभर उभीच होती का?"

कोशांना एक फोन करायचं आठवलं. ते आत गेले.

बाई येणार म्हणून सकाळी आणलेला डबा मी खणातून काढला. पाकिटातले कंद मी घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत लावले होते. सतरांतले नऊ उगवले. त्यातले पाच या डब्यात होते, प्रत्येकाला बोटभर पान. झाकणावर पूर्ण नाव लिहिलं होतं.

बाईंनी चष्मा लावून नाव दोनदा वाचलं. "लेकीच्या खिडकीला कठडा आहे. तिथे मावतील." मग आतल्या खोलीकडे मान वळवून विचारलं, "साहेबांना दाखवून येऊ?"

"नको," मी म्हटलं. "ते पाणी घालतील."