महाराजांचं कोरडं वस्त्र

गुरुवारी सकाळी आमच्या वाडीच्या विहिरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. किकवीकडची माणसं आली होती, भोरहून दोन टेम्पो भरून आले होते, आणि मधोमध पाटावर सोनबा महाराज बसले होते. दोन शिष्यांनी एक पांढरं कापड चारी कोपऱ्यांनी ताणून धरलं होतं. महाराजांनी त्यावर विहिरीचं तांब्याभर पाणी ओतलं. पाणी जिरलंच नाही. त्याचे टपोरे थेंब झाले, इकडून तिकडे पळाले आणि काठावरून खाली पडले. महाराजांनी कापड झटकून पुढं बसलेल्या म्हाताऱ्या ठकुबाईच्या गालाला लावलं.

"काय लागतंय, आज्जे?"

"कोरडं हाय की वो! पार कोरडं!"

गर्दीनं जयजयकार केला. महाराज म्हणाले, "ज्याला पानी लागत न्हाई, त्याला पान्यातलं इख लागंल व्हय? पासलीच्या डोंगरात बारा वर्सं तप केलंय म्या. बारा पावसाळं अंगावर घेतलं, पर अंगाला थेंब लागला न्हाई. ती शक्ती ह्या वस्त्रात उतरवलीया. इतभर तुकडा हंड्यात सोडा. इख भिऊन तळाला बसंल."

बारा पावसाळे कोरडे काढलेल्या या सत्पुरुषाला तेव्हा जबरदस्त सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांनी ते उपरण्याला नाक पुसत होते. पण ते पाहायला कुणाला सवड होती!

मी दीनानाथ. तीस वर्षं आरोग्यसेवक म्हणून या भागातल्या विहिरींत पावडर टाकली आणि घरोघर सांगत फिरलो, पाणी उकळून प्या. लोक मला पावडरवाले तात्या म्हणतात. बाबाबुवांची मला पहिल्यापासून चीड. पण या वेळी नुसती चीड नव्हती, धास्ती होती.

कारण विहिरीत विष खरंच होतं. दोन महिन्यांपूर्वी पुण्याच्या कॉलेजातल्या काही मुली पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेल्या. तपासणीत फ्लोरिन असलेली, माणसानं बनवलेली रसायनं निघाली. ती कुजत नाहीत, मोडत नाहीत. मातीत, पाण्यात, माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षं बसून राहतात. रंग नाही, वास नाही, चव नाही. वाडीच्या वरच्या अंगाला कापडाला लेप देणारा एक कारखाना आहे, तिथून ओढ्यावाटे झिरपत असावीत, असं मुलींनी लिहिलं होतं. ग्रामसभेनं विहीर पिण्यासाठी बंद केली आणि दिवसाआड टँकर सुरू झाला.

मग महाराज उगवले. हा त्यांचा तिसरा गुरुवार. लोकांनी टँकरवाल्याला परत पाठवलं. विहीर परत सुरू झाली. माझी सून मिताली सहा महिन्यांची गरोदर होती, म्हणून आमच्या घरात मात्र टँकरचंच पाणी राहील, असं मी बजावलं होतं. टँकर येईनासा झाला तेव्हा किकवीहून दुचाकीवर कॅन आणायला लागलो. निदान मितालीचं पाणी स्वच्छ आहे, या समाधानात मी होतो.

त्या दिवशी घरी आलो तर माझी बायको सुलू पिशवी पुढं करून म्हणाली, "अवो, भोरला जाताय तर ह्येच्या कडा शिवून आना. धागं सुटत्यात आन् पोरीच्या पान्यात येत्यात."

पिशवीत महाराजांचं कापड होतं.

"मितालीच्या पाण्यात? कधीपासून?"

"झालं की दोन आठवडं. तुमचं त्ये कॅनचं शिळं पानी कोन पितंय? विहिरीचं ताजं देते. आन् डोळं कशाला वटारताय? तुमीच जलमभर सांगितलं ना, उकळून प्या? उकळते की. वस्त्रासकट उकळते, चांगलं अर्धं होईस्तोवर!"

ते वाक्य माझंच होतं.

भोरला एसटी स्टँडमागं महेजबीनचं शिवणाचं दुकान आहे. पावसाळी जॅकेटं, दप्तरांची कव्हरं शिवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तिनं कापड बोटांत चुरगाळलं आणि हसली. "काका, याचा आख्खा गठ्ठा माझ्याकडं पडलाय. त्या कारखान्याचे उरलेले तुकडे टेम्पोवाला आणून देतो. याचं काय करू, पिशवी?"

मी सगळं सांगितलं. तिचं हसू मावळलं. तिनं मशिनच्या तेलाचा थेंब कापडावर टाकला. तो गोल उभा राहिला. मग मेणाचा हात दिलेल्या दुसऱ्या कापडावर टाकला. तेल लगेच पसरलं.

"मेणाचं कापड पाणी थोपवतं, पण तेल पितं. तेलही न पिणारा लेप त्या तुमच्या फ्लोरिनवाल्या रसायनाचाच असतो. व्यापाऱ्यांनी सांगितलंय आम्हाला. काका, विहिरीत जे उतरलंय, तेच लावलेलं कापड तुम्ही त्या पोरीच्या पाण्यात उकळताय?"

तिनं दुकानाचं शटर ओढलं आणि माझ्या दुचाकीवर मागं बसली.

त्याच संध्याकाळी विहिरीवरच्या बैठकीत महाराज तांब्या उचलणार तेवढ्यात महेजबीन पुढं झाली. तिनं पिशवीतून दप्तराचं कव्हर काढलं, महाराजांच्याच तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. तसेच थेंब, तसेच पळाले.

"ह्ये नुसतं कापड हाय," महाराज गुरगुरले. "आमचं मंतरलेलं हाय."

"मग माझ्या मशिनलाही हार घाला," महेजबीन म्हणाली. "हे मी परवा शिवलंय, आणि मला तर एकही मंत्र येत नाही." तिनं महाराजांच्या वस्त्राची न कापलेली किनार ओढून सगळ्यांना दाखवली. तिच्यावर कारखान्याचा शिक्का होता आणि कव्हराच्या आतल्या काठावरही तोच.

"नास्तिकापुढं शक्ती आटती," असं म्हणून महाराज उठले, शिंकले, आणि शिष्यांसह टेम्पोत चढले. पोरं हुर्यो करत मागं धावली. मलाही हसू आलं. पण ठकुबाई जागची हलली नव्हती.

"तात्या, बुवा लबाड. बरं. मंग इख गेलं का पान्यातलं?"

"नाही, आजी."

"उकळून?"

सगळी वाडी माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "उकळून जंतू मरतात. हा जंतू नाही. पाणी आटतं आणि हे तसंच मागं उरतं, उलट दाट होतं. माझ्या पावडरनंही ते जात नाही. सरसकट उकळा म्हणत फिरलो, कुठल्या विषाला काय लागतं ते सांगितलंच नाही. चूक माझी."

मिताली पुढं आली. तिचा आवाज अगदी बारीक होता. "मामा, दोन आठवडे मी तेच प्यायले. बाळाला काय होईल?"

'काही होत नाही' हे शब्द ओठांवर आले होते. महाराजांनी ते लगेच म्हटलं असतं. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही, पोरी. दोन आठवड्यांनी किती फरक पडतो, कुणी नक्की सांगू शकत नाही. उद्या डॉक्टरांना सगळं खरं सांगू, आणि आजपासून हे पाणी बंद."

ती रडली. मीही रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही नक्की काही सांगता आलं नाही. तिथून आल्यावर मितालीनं स्वतः तहसीलदारांना अर्ज लिहिला: टँकर परत सुरू करा, कारखान्याचं सांडपाणी तपासा, अहवाल चावडीवर लावा. पहिला अंगठा ठकुबाईचा, दुसरी सही सुलूची. उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही दर सोमवारी विचारायला जातो.

वाचकहो, बुवाला पळवणं एका संध्याकाळचं काम होतं. तुमच्या गावच्या पाण्यात काय आहे, हे तुम्हालाही ठाऊक नसेल. ते तपासून घ्या, कागद मागा, आणि जो 'काही होत नाही' म्हणेल त्याला विचारा, कशावरून? मितालीला आता आठवा महिना आहे. आम्ही अजून विचारतोच आहोत.