पगारेबाईंचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण कोण कुठे कान लावून उभं असेल सांगता येत नाही. माझा स्वभावच संशयी. सगळ्यांवर विश्वास ठेवणारं कुलूप तुमच्या तरी काय कामाचं?

नाशिकच्या मेनरोडवर एका दुकानात मी टांगलेला होतो. पितळी, वजनदार, सहा लिव्हरचा. सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सुती साडीतली एक मुलगी आली. तिने मला आठ वेळा उघडून-लावून पाहिलं, वर शेजारच्या चार कुलपांच्या किल्ल्याही माझ्यात घालून बघितल्या. दुकानदार वैतागला.

"ताई, घराला लावायचंय का बँकेला?"

"माणसाच्या जिवाला," ती म्हणाली. मला वाटलं, ही नक्की काहीतरी लपवतेय.

तिचं नाव चांगुणा पगारे. वडील भिमाजी एका ठेकेदाराकडे वायरमन होते. "लाईन बंद केलीय," असं खालून कुणीतरी ओरडलं, त्यांनी ते खरं मानलं आणि हाताची दोन बोटं गमावली. त्याच भिमाजींनी पोरीला हट्टाने इंजिनिअर केलं. कॉलेजात विजेच्या वर्गात ती एकटीच मुलगी. ओझरच्या रस्त्यावरच्या ज्या कारखान्यात ती लागली तिथेही पहिलीच बाई इंजिनिअर. कारखान्याचं नाव मी सांगणार नाही, उगाच विचारू नका. मुलाखतीत तिला विजेचं कमी आणि लग्नाचंच जास्त विचारलं होतं म्हणे. पुरुषांना सहा महिने प्रोबेशन, हिला एक वर्ष.

तिथे केबलवर माणूस काम करत असला की वर पॅनेल रूममध्ये त्या केबलचा स्विच बंद करायचे आणि हँडलला कुलूप घालायचे, म्हणजे चुकून कुणी वीज सोडू नये. अशी बारा कुलपं कारखान्याची होतीच. चांगुणाबाईने एक किल्ली घेऊन बाराही कुलपांना लावून पाहिली, तर त्या एका किल्लीने सात उघडली! म्हणून स्वतःच्या पैशांनी मला आणलं. माझी एक किल्ली तिने मोडून टाकली, दुसरी नाडीला बांधून गळ्यात घातली.

झालं, माणसं दुखावली. "बाई आमच्यावर डाऊट घेते," असं पॅनेल रूमचा ऑपरेटर कारभारी ज्याला-त्याला सांगत सुटला. केबलचं काम करणारा कोंडाजी तर तोंडावर म्हणाला, "आमचा जीव आता एका पोरीच्या गळ्यात लटकला म्हणायचा!" खरं सांगतो, माझाही तिच्यावर भरवसा नव्हता. साहेबांनी डोळे वटारले की ही मुकाट्याने किल्ली काढून देणार, याची मला खात्रीच होती.

ती वेळ पुढच्या वर्षी मार्चात आली. प्रोबेशनचे पंधरा दिवस उरले होते. भट्टीच्या केबलला जॉइंट करायला कोंडाजी आणि पाच जण आवारातल्या चरात उतरले होते आणि मी हँडलवर पहारा देत होतो. साडेचारच्या सुमाराला मोठे साहेब स्वतः पॅनेल रूममध्ये आले. भट्टी गार पडत चालली होती, आतला माल वाया जाणार होता.

"अजून बंद का? झालं ना काम?"

"झालं साहेब," कारभारी म्हणाला. "सहाच्या सहा वर आलेत. कँटीनमधून सहा चहा गेले, सहा कप रिकामे आले. मी सोता मोजले."

मला कारभारीचा संशय आला, साहेबांचा आला, त्या चहाचासुद्धा आला. पण सगळ्यात जास्त आला तो बाईचा, कारण तिचा हात गळ्यातल्या नाडीकडे गेला होता.

तिने किल्ली मुठीत घट्ट धरली. "कपांचं मला सांगू नका. कोंडाजी स्वतः येऊन सांगेल, तेव्हाच उघडेन."

"मिस पगारे, तुमची नोकरी माझ्या एका सहीवर आहे."

"माहीत आहे साहेब."

"कारभारी, काप ते कुलूप!"

माझ्या कडीवर करवत फिरू लागली. अगदी निम्म्यापर्यंत गेली. तेवढ्यात चांगुणाबाईने पुढे होऊन कडीवर हात ठेवला. पातं तिच्या बोटाला लागलं, रक्त आलं. कारभारीने करवत थांबवली.

"बाई, हात काढा हो!"

"मी इथून हलणार नाही. तू चरात जाऊन बघून ये."

त्याने साहेबांकडे पाहिलं, करवत खाली टाकली आणि धावत सुटला. परत आला तो कोंडाजीला घेऊनच. कोंडाजीचे हात कोपरापर्यंत डांबराने काळे झाले होते.

"कसला च्या?" कोंडाजी म्हणाला. "माझं पोट बिघडलंय, म्या गेलोच नाय. माझा च्या आमच्यातल्या त्या फकिरानं ढोसला. जॉइंट अजून उघडाच हाय की!"

साहेब निघून गेले. बाईचं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं, कारण वरिष्ठांचा आदेश मोडला. कोंडाजीने आभाराचा एक शब्द काढला नाही. मला त्याचाही संशय आला.

चार दिवसांनी पुन्हा काम निघालं. या खेपेला कोंडाजी चरात उतरायच्या आधी थेट पॅनेल रूममध्ये आला. त्याने मला दोनदा हिसडा दिला, फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे निम्मं कापलेलं हाय. ह्याच्या जिवावर मी नाय उतरणार."

असा संताप आला मला! ज्याला वाचवलं त्यानेच मला नाकारावं? पण चांगुणाबाई हसली. त्या खोलीत तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने दुसरं कुलूप आणलं आणि त्याची किल्ली कोंडाजीच्या हातावर ठेवली. तेव्हापासून जो खाली उतरेल, किल्ली त्याच्याच खिशात, असा नियम झाला.

आज अठ्ठ्याऐंशी साल आहे. बाई आता कारखान्याच्या साऱ्या वीजखात्याची प्रमुख आहे आणि मी तिच्या खुर्चीमागे खिळ्याला लटकतोय. नव्या इंजिनिअर पोरी विचारतात, हे मोडकं कुलूप कशाला ठेवलंय? ती म्हणते, "कामाचं नाही ते." खरंच आहे ते.

पण त्या दिवशी तिचा हात गळ्याकडे गेला, तेव्हा मला वाटलं होतं, दिली हिने किल्ली. माझं चुकलं. दहा वर्षं हे मनात डाचतंय. तुम्ही कधी तिला भेटलात तर माझी माफी तेवढी पोचवा. कुलूप बोलतं यावर तिचा विश्वास बसणार नाही. ती आधी स्वतः खात्री करून घ्यायला उठेल, माझ्यासमोर येऊन उभी राहील. राहू दे. मला तेच हवंय.