चौदा नंबरची खुंटी

पोराच्या बुटांना लाल माती होती. मी त्याला दारातच थांबवलं.

आमच्याकडची माती काळी. कारखान्याच्या आवारातलीही काळीच. दीड महिना हा तिथे जमिनीला भोकं पाडायचं मशीन चालवतोय आणि दीड महिना मी फरशीवरचे काळे ठसे पुसतेय. मग आज हा लाल चिखल कुठला? म्हटलं, कुठे उंडारून आलास? तर म्हणाला, कुठे नाही, चौदा नंबरला होतो.

कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली. कापडाचे रंग बनवायचे तिथे. मालक जाताना पत्र्यासकट सगळं घेऊन गेला, विष तेवढं आमच्यासाठी ठेवलं. आता साफसफाईला सरकारी माणसं आली होती. त्यांनी आवारभर दहा-दहा पावलांवर खुंट्या ठोकल्या. प्रत्येक खुंटीपाशी खोल भोक पाडायचं, माती तपासायची, खराब निघाली तर तिथली जमीन उकरून न्यायची. आमच्या गल्लीकडच्या भिंतीलगत सगळं चांगलं निघालं, तर आमच्या हापशाची साखळी निघणार होती. पाण्यात विष निघालं म्हणून दोन वर्षं तो हापसा कैदेत आहे आणि आम्ही टँकरमागे कळशा घेऊन पळतोय. भिंतीलगतची शेवटची खुंटी चौदा नंबरची.

पोराला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. खुंटी नेमकी धुलाईच्या ओट्यावर आली होती. ओटा काँक्रीटचा, त्यात मशीनचं पातं मोडतं. दुसरं पातं यायला आठवडा लागला असता आणि साहेबांना शुक्रवारी अहवाल द्यायचा होता. म्हणून खुंटी उपटून सहा पावलं अलीकडे, मऊ मातीत ठोकली. माती एकदम स्वच्छ निघाली म्हणे. साहेब खूश.

"निघणारच," मी म्हटलं. "गुलाबाच्या वाफ्यात भोक पाडलंत तुम्ही."

त्याला कुठून ठाऊक असणार? तेव्हा तो शाळेत होता. तिथे पाण्याच्या टाकीसाठी दोन पुरुष खोल खड्डा खणला होता. टाकी काही आली नाही. मग पाहुण्यांना दाखवायला म्हणून मालकाने डोंगराकडची लाल माती ट्रकने आणून तो भरला आणि वर गुलाब लावले. म्हणजे ताप मला आणि नाडी बघितली शेजारणीची.

पोरगा जेवता जेवता थांबला. आई, तू यात पडू नकोस, म्हणाला. खुंटी मीच हलवली, माझी नोकरी जाईल. सूनबाई भाकरी थापत होती, तिने मान वर न करता ऐकवलं की दोन वर्षं कळशा वाहून तिची कंबर गेलीय, आता पाणी दारात येतंय तर सासूबाईंना गुलाब आठवले. तिचं चुकीचं नव्हतं. कळशा तीच वाहते, मी नुसती मोजते. पण हापसा सुटला की पहिला पेला माझ्या तीन वर्षांच्या नातीच्या हातात जाणार होता. आणि ओट्याखाली काय आहे, ते या घरात फक्त मला ठाऊक होतं.

सकाळी मी स्टूल उचललं आणि जाऊन ओट्यावर बसले.

त्या ओट्यावर मी एकोणीस वर्षं काढली. रंग गाळायची जाड कापडं आम्ही सहा बायका तिथे धुवायचो. कोपरापर्यंत हात पिवळे. लग्नकार्यात लोक विचारायचे, हळद तुम्हालाच लावली का? धुण्याचं पाणी नळीतून मोठ्या हौदात जायचं, तिथे त्यात औषध टाकायचे. दुसऱ्याच वर्षी नळी तुंबली. मुकादम पहार घेऊन आला, ओट्याच्या कोपऱ्यात भोक पाडलं आणि म्हणाला, ओता इथे, जमीन पिते. सतरा वर्षं जमीन प्यायली. बंद व्हायच्या आदल्या महिन्यात त्या भोकावर सिमेंट थापलं.

साहेब आले. तरुण, सभ्य माणूस, डोक्यावर पिवळी टोपी. आजी, इथे बसायला परवानगी नाही, म्हणाले. मी म्हटलं, मी बसत नाहीये, कामावर आलेय. मागे माझा पोरगा उभा, तोंड पडलेलं. मी सगळं सांगितलं. वाफ्याचं सांगितलं, भोकाचं सांगितलं. साहेबांनी नकाशा उलगडला. त्यात नळी थेट हौदापर्यंत काढलेली होती, निळ्या शाईत, अगदी सरळ.

"हा नकाशा काढणारा इथे कापडं धुवायला होता का?" मी विचारलं.

साहेब हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "आजी, असं पाणी जमिनीत सोडणं गुन्हा आहे. कोणी ओतलं, ते मला लिहावं लागेल."

माझ्याबरोबरच्या पाच जणींपैकी दोघी गेल्या. तिघी गल्लीत आहेत आणि एवढ्यासाठीच तोंड शिवून बसल्यात. पोराने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

"मी ओतलं," मी म्हटलं. "या हातांनी. लिहा."

साहेब पेन धरून उभेच. मग म्हणाले, पण काँक्रीट कापायचं पातं नाही. मी उठले आणि काठी आपटत ओट्यावरून चालले. ठक, ठक, ठक. भिंतीकडच्या कोपऱ्यात आले तर आवाज भद्द. "इथे पातं कशाला हवं?" मी म्हटलं. "इथे बोटभर सिमेंट आहे. मुकादमाने त्यातही हात मारला होता."

साहेब माझ्या पोराकडे बघायला लागले. पोरगा माझ्याकडे. पोटचं पोर आहे, पण हुकूम करून पहार उचलायला लावली असती तर माझ्यात आणि त्या मुकादमात काय फरक उरला असता? तो शेडमध्ये गेला आणि पहार घेऊन आला.

चौथ्या घावाला सिमेंट आत गेलं. वास आला आणि साहेब दोन पावलं मागे सरले. मी सरले नाही. तो वास मी एकोणीस वर्षं केसांत घेऊन घरी गेलेय. पोराने मशीन लावलं. माती वर आली ती ना काळी ना लाल, पिवळीजर्द, ओली. पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत पिवळीच.

साहेब लगेच फोनवर. शुक्रवारचा अहवाल थांबला, हापशाची साखळी राहिली. सगळी भिंतीकडची जमीन आता खणायची, वर्षभर तरी लागेल म्हणाले. सूनबाई टँकरकडे निघाली होती, कुंपणाबाहेरून तिने ते ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं, कळशी कंबरेवर घेतली आणि टँकरकडे चालू लागली.

दुपारी साहेबांनी माझा जबाब लिहून आणला. आजी, सही करा. मी चौथी शिकलेली, वाचायला वेळ लागतो. साहेब म्हणाले, वाचून दाखवतो. म्हटलं, मला डोळे आहेत. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. तिथे होतं, धुलाई कामगारांच्या हातून निष्काळजीपणे पाणी सांडत असे.

"हे खोडा," मी म्हटलं.

ते म्हणाले, अर्थ तोच आहे. मी म्हटलं, तोच असेल तर खोडायला त्रास काय? आम्ही सांडलं नाही. आम्हाला ओतायला लावलं. भोक कोणी पाडलं, कोणाच्या हुकमाने पाडलं, सिमेंट कोणी थापलं, सगळं लिहा आणि त्याखाली मी ओतलं तेही लिहा. माझं मी नाकारत नाही, पण मालकाचं माझ्या डोक्यावर घेणार नाही.

त्यांनी खोडलं. पुन्हा लिहिलं. मी पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला बसले. मशीन बंद करून पोरगा शेजारी येऊन उभा राहिला. साहेबांनी घड्याळ बघितलं, तेव्हा तोच म्हणाला, "थांबा साहेब. आई वाचतेय."