तनुजाच्या पाठवणीचा सबवूफर

मित्रांनो, मी एक जुना सबवूफर आहे, खर्जाचा दणका काढणारा मोठा स्पीकर. जुना म्हणजे म्हातारा नव्हे, जळका.

बजाजनगरच्या एका सुताराने माझी जाड प्लायची पेटी ठोकली आणि ऋतुराजने मला आपल्या डीजेच्या गाडीवर चढवले. कन्नड, सिल्लोड अशा गावांतली, सगळीकडची लग्ने मी हादरवली. दसऱ्याला त्याची धाकटी बहीण तनुजा मला हळदकुंकू लावायची. "काय दणका हाय!" असे लोक म्हणत आणि मी फुगत असे.

मग तनुजाचेच लग्न ठरले. तिचे वडील सांडू भजनात पखवाज वाजवायचे. ते आधीच वारले होते. मागे मोबाइलमध्ये त्यांच्या पखवाजाचे एवढेसे रेकॉर्डिंग राहिले.

"दादा, पाठवणीला बाबांचा पखवाज लाव. दुसरं काय बी नको मला," तनुजा म्हणाली.

"लावतो की! साऱ्या गावाला ऐकू जाईल."

पखवाजाच्या डाव्या हाताची घुमणारी धुम काढावी ती मीच. त्या दिवसाची मी मनापासून वाट पाहिली.

लग्नाच्या दुपारी परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, वाजतगाजत आला. नवरदेवाकडच्यांचा डीजे मांडवासमोर आमच्या तोंडावर येऊन उभा राहिला. झाले! ऋतुराजने अक्षतांचे ताट माझ्या पेटीवर ठेवले. अक्षता ताटाबाहेर उडाल्या की आपण जिंकलो, ही इथल्या डीजेवाल्यांची अक्कल. त्याने बेस बूस्टचे, खर्ज वाढवायचे, बटण शेवटपर्यंत पिळले.

मित्रांनो, ते बटण ताकद देत नाही, मागते. बूस्ट तीन डेसिबलने वाढला की अॅम्प्लिफायरला दुप्पट ताकद लागते, पण कानाला फरक जेमतेम कळतो. नऊ डेसिबलला आठपट! आमचा अॅम्प्लिफायर आधीच धापा टाकत होता. घाट चढणाऱ्या भरल्या जीपला मागून आणखी माणसे लटकावीत, तशी त्याची गत झाली. नाही ती ताकद तो कुठून आणणार? आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटून तो माझ्याकडे ढकलू लागला. आवाज फाटला, वाढला मात्र नाही. माझ्या आतली तारेची कॉइल तापून लाल झाली.

"दादा, जळाल्याचा वास येतोय!" तनुजा मांडवातून ओरडली.

"फटाक्याचा हाय तो!"

अक्षता उडाल्या, पोरे नाचली आणि मी मेलो.

पाठवणीला रेकॉर्डिंग लागले. गाडीवरच्या बारक्या स्पीकरांतून फक्त उजव्या हाताची टिकटिक आली. धुम नव्हतीच. नवरदेवाकडचा एकजण म्हणाला, "पखवाज हाय का तेलाचा डबा?" सगळे खो खो हसले. तनुजा खाली मान घालून नवरदेवाच्या गाडीत बसली.

आता माझ्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसते. ऋतुराजने नवा सबवूफर आणला. अॅम्प्लिफायर तोच, बटणही शेवटालाच. नवा फार तोऱ्यात आहे. राहू दे बिचाऱ्याला, थोडेच दिवस आहेत.

तनुजा दिवाळीला माहेरी आली. ऋतुराज उत्साहाने म्हणाला, "तने, आता लावू का बाबांचा पखवाज?"

"नको दादा," ती म्हणाली. "पाठवणी एकदाच असती."

मित्रांनो, यंत्राकडे त्याच्या ताकदीपुरतेच मागा. आणि जळाल्याचा वास आला, तर निदान एकदा मागे वळून बघा. कोंबडीसुद्धा आपल्या अंड्यांकडे बघते.